‘सगळे मनाचे आहे’ म्हणणाऱ्यांस

आमच्या स्टाफरूममध्ये दोन वाक्ये फार स्वस्त झाली आहेत. कुणी म्हणाले, की अमुक खाल्ले की पोटात दुखते, तर अर्धी स्टाफरूम म्हणते, "सगळे मनाचे असते हो." उरलेली अर्धी म्हणते, "एकदा टेस्ट करून घ्या, ऍलर्जी असणार." दोन्ही वाक्ये उच्चारताना चहाचा कपसुद्धा खाली ठेवावा लागत नाही. ह्या दोन्ही वाक्यांविरुद्ध आम्हांला आज लिहायचे आहे, आणि ती आम्ही स्वतः उच्चारलेली असल्यामुळे थोडे स्वतःविरुद्धही.

निमित्त एका विद्यार्थिनीचे. पनवेलच्या पूर्वेकडच्या एका गावातून ती महाविद्यालयात येत असे. पहिल्या वर्षी तिच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असे. एके दिवशी मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला आणि कुणीतरी न बोलता उठून वर्गाची खिडकी उघडली. भांडण नाही, अपशब्द नाही, नुसती खिडकी. नंतर तो डबा येईनासा झाला. काही महिन्यांनी ती तासाला पोट धरून बसू लागली. विचारले तेव्हा म्हणाली, "सर, मला सुकट सोसत नाही आताशा." दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा विचारले. "घरी चालते हो सर. इथे खाल्ले की कळ येते."

आमच्यापैकी एकाने तिला सांगितले, "अगं, मनाचे खेळ आहेत. लक्ष देऊ नकोस." दुसऱ्याने मुंबईच्या एका प्रयोगशाळेचा पत्ता दिला. तिच्या वडिलांनी पैसे भरले. अहवालात तिला न चालणाऱ्या पदार्थांची लांबलचक यादी आली. तिने एकेक करून ते सोडले. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती इतकी वाळली, की आम्हांला आमच्या दोन्ही सल्ल्यांची लाज वाटू लागली.

आमचे म्हणणे आधीच स्पष्ट सांगतो. ‘मनाचे आहे’ हे ‘खोटे आहे’ ह्याचे सभ्य रूप म्हणून वापरणे हे अज्ञान आहे. ‘ऍलर्जी आहे’ हे ‘आता विचार करायला नको’ ह्याचे शास्त्रीय रूप म्हणून वापरणे हेही तितकेच अज्ञान आहे. आणि ज्यांचा व्यवसाय मराठी शिकवण्याचा आहे त्यांनी हे अज्ञान बाळगणे अधिक लाजिरवाणे, कारण ह्या बाबतीत आपली भाषा आपल्यापेक्षा शहाणी आहे.

अन्न न सोसण्याला मराठीत किती क्रियापदे आहेत ते पाहा. एखादा पदार्थ ‘बाधतो’, तेव्हा दोष पदार्थाचा. विषबाधा आणि भूतबाधा ह्यांच्याच ओळीत तो जाऊन बसतो. ‘सोसत नाही’, तेव्हा उणेपणा खाणाऱ्याच्या ताकदीत. आणि सोसणे हे क्रियापद आपण दुःखासाठीही वापरतो. ‘मानवत नाही’ म्हटले, की दोष कुणाचाच नाही. हवा मानवत नाही, गाव मानवत नाही, सासर मानवत नाही. जुळत नाही इतकेच. शिवाय ‘पचत नाही’, ‘जात नाही’, ‘अंगी लागत नाही’, ‘वातूळ पडते’, ‘उष्ण पडते’. ह्या प्रत्येकाला काळ आणि स्थळ जोडता येते. आताशा सोसत नाही. माहेरी सोसते, इथे नाही. त्या मुलीने उच्चारलेल्या ‘आताशा’ आणि ‘इथे’ ह्या दोन क्रियाविशेषणांत तिचे सगळे निदान होते. आम्ही दोघेही व्याकरण शिकवतो. दोघांनाही ते ऐकू आले नाही.

‘ऍलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के ह्यांनी १९०६ साली घडवला. शरीराची बदललेली प्रतिक्रिया, असा त्याचा मूळ आशय. आज वैद्यकात त्याला नेमका अर्थ आहे: रोगप्रतिकारशक्तीचा एखाद्या निरुपद्रवी पदार्थावरचा हल्ला. कोळंबीने किंवा शेंगदाण्याने ओठ सुजणे, श्वास कोंडणे, प्रसंगी जीव जाणे. तिथे मनाच्या गोष्टी करणारा माणूस गुन्हेगार ठरेल. पण बोलीत आलेली ऍलर्जी ही चीज वेगळी. ती क्रिया नाही, मालमत्ता आहे: ‘मला वांग्याची ऍलर्जी आहे.’ एकदा ती ‘असली’ की आताशा, इथे, तेव्हा हे सगळे गळून पडते. काय घडले हे विचारण्याची जागाच वाक्यात उरत नाही.

आता ‘सगळे मनाचे’ म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांच्या म्हणण्यात तथ्य किती, ते प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे.

गव्हातील ग्लूटेन सोसत नाही असे सांगणाऱ्या, पण सीलिअॅक हा आजार नसलेल्या लोकांवर इंग्लंडमधील लीड्स आणि नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे एक प्रयोग झाला. तो २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या पोटविकारविषयक नियतकालिकात छापून आला. ८३ जणांचे चार गट होते. कुणाला ग्लूटेनचा पाव ‘ग्लूटेनचा’ म्हणून दिला, कुणाला ‘बिनग्लूटेनचा’ म्हणून; कुणाला बिनग्लूटेनचा पाव ‘ग्लूटेनचा’ म्हणून, तर कुणाला खरे तेच सांगून. सर्वाधिक त्रास कुणाला झाला? ज्यांनी ग्लूटेन खाल्ले आणि आपण ते खात आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांना. ग्लूटेन खाऊनही ज्यांना ते नाही असे वाटत होते, त्यांना लक्षणीय कमी. म्हणजे अपेक्षेचा वाटा मोठा. ह्याला वैद्यकात ‘नोसीबो’ म्हणतात: बरे वाटेल ह्या अपेक्षेने जसे बरे वाटते, तसे बाधेल ह्या अपेक्षेने बाधते.

‘मनाचे’वाले इथे टाळी वाजवतील. त्यांनी थोडे थांबावे. संशोधकांनी असेही नोंदवले, की ग्लूटेनचा स्वतःचा काही परिणाम असण्याची शक्यता ह्या प्रयोगाने निकालात निघत नाही. आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे: ज्यांना अपेक्षेमुळे त्रास झाला, त्यांना त्रास झालाच. पोट खरेच दुखले. भीतीने छाती धडधडते तेव्हा धडधड खोटी असते काय?

पोटाच्या नळीला स्वतःची मज्जासंस्था आहे. तिच्यात दहा कोटींहून अधिक चेतापेशी आहेत. मेंदू आणि पोट ह्यांना जोडणाऱ्या व्हेगस ह्या मोठ्या चेतेतील सुमारे ८० टक्के तंतू खालून वर निरोप नेतात, वरून खाली नव्हे. तेव्हा मन हुकूम सोडते आणि पोट तो पाळते, हे चित्रच चुकीचे आहे; पोट बोलते अधिक आणि मन ऐकते अधिक. काही माणसांत ह्या निरोपांचा आवाज मोठा होतो. इतरांना ज्या फुगण्याची जाणीवही होत नाही, त्याने त्यांना कळ येते. अशा विकारांना ‘पोट-मेंदू संवादाचे विकार’ म्हणावे, असे २०१६ साली रोम निकषांच्या चौथ्या आवृत्तीने ठरवले. ह्यापूर्वी त्यांना ‘कार्यात्मक’ म्हणत, आणि त्या शब्दाचा रुग्णाला ऐकू येणारा अर्थ ‘तुम्हांला काही झालेले नाही’ असाच असे. नामकरणाने उपचार बदलतात हे भाषेच्या प्राध्यापकांना तरी पटावे.

आणि कित्येकदा ‘मनाचे’ म्हणून हिणवलेले शरीराचेच निघते. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली ग्लूटेनला दोषी ठरवले. २०१३ साली त्याच गटाने ३७ जणांवर अधिक काटेकोर प्रयोग करून स्वतःचाच निष्कर्ष मागे घेण्याजोगी फलिते प्रसिद्ध केली. २०१८ साली ऑस्लोमध्ये ५९ जणांवर केलेल्या प्रयोगात ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टानने जास्त त्रास झाला. फ्रुक्टान ही गव्हात, कांद्यात, लसणात असलेली एक शर्करा. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबते आणि वायू धरतो. म्हणजे गहू बाधत होता हे खरे, त्याचे दिलेले कारण खोटे. बेल्जियममधील लूव्हेनच्या संशोधकांनी २०२१ साली ‘नेचर’मध्ये दाखवले, की पोटाच्या एखाद्या संसर्गानंतर आतड्याच्या भिंतीत, आणि केवळ तिथेच, एखाद्या अन्नाविरुद्ध प्रतिक्रिया रुजू शकते, रक्ताच्या तपासणीत ती दिसत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे मनाचे’ ह्या वाक्यातील ‘म्हणजे’ किती तकलादू आहे ते ह्यावरून दिसावे.

आपल्या रायगड जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. वाल वातूळ, असे इथली प्रत्येक आजी सांगते. ही अंधश्रद्धा नाही. कडधान्यांतील काही शर्करा तोडणारे पाचकद्रव्य माणसाच्या आतड्यात नसते. त्यांचे काम मग तिथले जीवाणू करतात आणि पोट डब्ब होते. वाल भिजवून, मोड आणून, सोलून डाळिंब्या करण्याच्या खटाटोपात ह्या शर्करा बऱ्याच कमी होतात. पोपटीच्या मडक्यात शेंगांबरोबर ओवा घालतात तोही उगाच नाही. तेव्हा वाल न सोसणाऱ्या माणसाला मनाचे खेळ सांगण्यापूर्वी त्याच्या घरी वाल भिजवले होते का, हे विचारावे.

इथे कुणीतरी म्हणेल, हे सगळे आमच्या आयुर्वेदात आधीच आहे. पनवेलमध्ये हे वाक्य अधिक ऐकू येते. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली स्थापन केलेले धूतपापेश्वर ह्याच गावचे, आणि वैद्यांचा शब्द इथे अजून मानला जातो. होय, आहे. चरकसंहितेने अतिसाराच्या प्रकारांत भयातून होणारा आणि शोकातून होणारा असे दोन स्वतंत्र प्रकार मानले आहेत. चिंता, शोक, भय, क्रोध असताना योग्य मात्रेत घेतलेले हितकर अन्नही जिरत नाही, असे विमानस्थानात सांगितले आहे. ‘सात्म्य’ ही संकल्पना तर अपूर्वच: जे सवयीने आपले झाले ते. पण ह्यावर छाती फुगवणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी. ह्याच पथ्यापथ्याच्या आणि सात्त्विक-तामसाच्या भाषेने आपण कुणाच्या ताटातले काय हीन आहे ते ठरवत आलो. बाळंतिणीला आणि विधवेला काय सोसते हे तिच्या पोटाला न विचारता ठरवत आलो. ज्ञान होते, ते कुणाच्या बाजूने वापरले गेले, हा प्रश्न आहे.

आता ‘टेस्ट करा’वाले. बाजारात रक्तातील ‘आयजीजी’ प्रतिद्रव्ये मोजून शे-दोनशे पदार्थांची ‘असहिष्णुता’ सांगणाऱ्या तपासण्या मिळतात. युरोपच्या ऍलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच अन्नाच्या बाबतीत ह्या तपासणीवर विसंबू नये असे बजावले. अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या संघटनांचे मतही तेच. कारण साधे आहे. ही प्रतिद्रव्ये तो पदार्थ आपण खात आलो आहोत एवढेच सांगतात. रोज भात खाणाऱ्याच्या रक्तात भाताची खूण सापडेल, ह्यात नवल ते काय? म्हणजे ज्या अन्नावर माणूस वाढला, नेमके तेच त्याला वर्ज्य म्हणून हाती येण्याचा संभव. आमच्या विद्यार्थिनीच्या यादीत तांदूळ होता. ज्या जिल्ह्याची भाकरीसुद्धा तांदळाची, तिथल्या मुलीला तांदूळ वर्ज्य! शिवाय प्रत्येक छापील यादी ही एक नवी अपेक्षा पेरते, आणि अपेक्षेने काय होते ते वर आलेच आहे. खऱ्या तपासण्या आहेत, त्या जरूर कराव्यात: सीलिअॅकची (तीही गहू सोडण्यापूर्वी, नंतर केल्यास ती फसते), दुधातल्या शर्करेची, खऱ्या ऍलर्जीची. वजन घटणे, रक्त जाणे, रात्री झोपेतून उठवणारी कळ ह्या गोष्टी तर कुठल्याही सिद्धान्ताआधी डॉक्टरांकडे न्याव्यात. आमचे भांडण तपासणीशी नाही, ऐकण्याऐवजी केलेल्या तपासणीशी आहे.

पण ह्या दोन्ही पक्षांकडून निसटते ते त्या खिडकीचे प्रकरण. मन पोटावर परिणाम करते हे एकदा मान्य केले, की ते मन कुणी घडवले हा प्रश्न टळत नाही. आणि महाराष्ट्रात अन्नाविषयीचे मन जातीने घडवले आहे.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. रानडे होते, टिळक होते. त्या चहाने कुणाचे पोट बिघडल्याचे आमच्या वाचनात नाही. पुढे गोपाळराव जोशी ह्यांनी उपस्थितांची नावे ‘पुणेवैभव’मध्ये छापून आणली आणि मग सगळ्या पुण्याला मळमळू लागले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. चहा तोच होता. बाधली ती बातमी. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्या वडिलांचे सोवळे आहे, बाहेरून आलेले जिन्नस धुवून घेण्याचा तो ध्यास आपण वर्गात विनोदाचा नमुना म्हणून शिकवतो, मुले हसतात, तास संपतो. त्या ध्यासाने एका घराचे जेवण कसे विषासारखे करून टाकले असेल, हे विचारण्याआधीच घंटा होते.

शाहू पाटोळे ह्यांनी २०१५ साली मराठवाड्यातील दलितांच्या अन्नावर लिहिलेल्या पुस्तकाला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ असे नाव दिले. त्या एका ‘अ’मध्ये आमचा सगळा मुद्दा सामावला आहे. जे अन्न काहींना पूर्णब्रह्म, ते इतरांना लपवून खायची वस्तू. आणि लपवून, घाईने, कुणी पाहील ह्या धास्तीत खाल्लेले अन्न जिरत नाही, हे चरकाला कळले होते. हे फक्त इथलेच नव्हे. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात चिनी उपाहारगृहातल्या जेवणानंतर होणाऱ्या त्रासाविषयी एक पत्र छापून आले आणि त्या त्रासाला एका समाजाचेच नाव चिकटले. अजिनोमोटोला आरोपी केले गेले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आपल्याला अजिनोमोटो बाधतो असे सांगणाऱ्या १३० जणांवर तपासून पाहिले, तेव्हा तो त्रास सातत्याने दिसलाच नाही. टोमॅटोतला तोच घटक मात्र कुणाला कधी बाधला नव्हता. परक्याचे अन्न आधी मनाला बाधते, मग पोटाला.

ज्याने खिडकी उघडली त्याच्या पोटातही काही ढवळले असेल; किळस हीसुद्धा खरी शारीरिक प्रतिक्रिया आहे. पण एकाच्या किळसेला आपण ‘संवेदनशील नाक’ म्हणतो आणि दुसरीच्या कळेला ‘मनाचे खेळ’. हा भेदभाव वैद्यकाने केलेला नाही. तो आपण केला आहे.

शेवटी आमच्या धंद्याविषयी. आपले सगळे काव्यशास्त्र स्वयंपाकघरातून उचललेले आहे. रस, आस्वाद, चर्वणा, रुची, अभिरुची. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावताना नाना व्यंजनांनी सिद्ध केलेल्या अन्नाचाच दाखला दिला. मात्र ही परंपरा जिभेपाशी थांबली. आस्वादक समीक्षेला घशाखाली उतरणे शिष्टसंमत वाटले नाही. रसिक चाखतो, डोलतो. त्याला कधी अपचन होत नाही, त्याच्या पोटात कधी गोळा येत नाही. बोलीने मात्र ही भीड बाळगली नाही. अपमान गिळायचा, पराभव पचवायचा, चूक पोटात घालायची, पोटतिडकीने बोलायचे, दुसऱ्याच्या भल्याने पोटशूळ उठायचा, सख्ख्या माणसाला ‘आतड्याचा’ म्हणायचे. हे आपण वाक्प्रचार म्हणून पाठ करून घेतो, अर्थ लिहा आणि वाक्यात उपयोग करा, दोन गुण. ती शरीराविषयीची निरीक्षणे आहेत, असे आम्ही तरी कधी शिकवले नाही. अपमान गिळणाऱ्या मुलीच्या पोटात काय होते, हा प्रश्न आमच्या समोरच्या बाकावर बसलेला असताना आम्ही फळ्यावर बीभत्स रसाचे विभाव लिहीत होतो.

आम्ही वैद्य नाही, आणि त्या मुलीला बरे करण्याचा आमचा दावा नाही. पुढे एका डॉक्टरांनी तिच्या नीट तपासण्या केल्या, ती यादी बाजूला ठेवायला सांगितली आणि एकेक पदार्थ परत सुरू करवला. भाकरी परत आली. वजनही बरेच भरून आले. सुकट घरी खाते. महाविद्यालयात अजून आणत नाही. तिने ती आणावी असा आग्रह धरण्याचा अधिकार आम्हांला नाही. खिडकी उघडली गेली तेव्हा आम्ही वर्गात होतो आणि गप्प होतो.

म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी कुणी म्हणाले, की अमुक सोसत नाही, तर ‘मनाचे आहे’ हे वाक्य पूर्णविरामासारखे वापरू नका. वापरायचेच असेल तर प्रश्नाची सुरुवात म्हणून वापरा. केव्हापासून? कुठे? कुणासमोर? क्रियाविशेषणे नीट ऐका. निदान एवढे तरी आपल्याला शिकवलेले आहे.